नवा कॅमेरा आपलासा कसा करावा?

कोणतेही नवे हत्यार हाती आले म्हणजे जाणता कारागीर ते तसेच कामास जुंपीत नाही. सुतार नवा रंधा आणतो तेव्हा आधी त्याचे पाते पाजवितो, पाते किती बाहेर काढावे हे लाकूड पाहून ठरवितो आणि मगच फळीवर हात चालवितो. नव्या तंबोऱ्याची जवारी मनाजोगी लागल्याखेरीज गवई गावयास बसत नाही. कॅमेरा मात्र आपण पेटीतून काढतो, बॅटरी घालतो आणि लागलीच कळ दाबू लागतो. चित्र उमटते, पडद्यावर झळकतेही. त्यामुळे यंत्र जुळविण्याचे काही काम शिल्लक आहे अशी शंकासुद्धा आपल्या मनाला शिवत नाही.

वस्तुतः नवा कॅमेरा कोऱ्या पाटीसारखा कधीच येत नाही. रंग किती गडद असावेत, कडा किती रेखीव दिसाव्यात, अंधारात काय करावे, चेहरा किती उजळ असावा, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे कारखान्याने त्यात आधीच भरून ठेविलेली असतात. ही उत्तरे वाईट असतात असे नव्हे. ती सरासरी गिऱ्हाइकासाठी आणि सरासरी दृश्यासाठी असतात, एवढेच. परंतु सरासरी मनुष्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. आपण काढतो ते आपल्या आजीचे, आपल्या वर्गाचे, आपल्या गावच्या जत्रेतील नाटकाचे. यास्तव नवा कॅमेरा जुळविणे म्हणजे निव्वळ बटणे फिरविणे नव्हे. कारखान्याने आपल्या वतीने घेतलेले निर्णय एकेक करून तपासणे आणि त्यांतील जे आपणांस मान्य नाहीत ते बदलणे होय. या लेखात आम्ही तेच करून पाहणार आहोत.

हे निर्णय कारखान्याकडे गेले कसे, हे प्रथम थोडक्यात पाहू. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने काचेवर छायाचित्र घेण्याची कोलोडियन पद्धती प्रसिद्ध केली. काचेवर द्रव पसरणे, ती काच चांदीच्या क्षारात बुडविणे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालणे आणि वाळण्यापूर्वीच रसायनांनी तीवरील चित्र प्रकट करणे, हा सारा व्याप छायाचित्रकारालाच करावा लागे. पुढे १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आपल्या पेडणे तालुक्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या काळातील हौशी छायाचित्रकारांपैकी एक होते. त्या पिढीला निर्णय दुसऱ्यावर सोपविण्याची सोयच नव्हती. चित्र बिघडले तर का बिघडले हे आपले आपणच शोधावे लागे. आणि साधले तर तेही सर्वस्वी आपले असे.

१८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडक नावाचा कॅमेरा विक्रीस आणला आणि ही रीत पालटली. त्यात १०० चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की गिऱ्हाइकाने कॅमेराच रॉचेस्टर येथील कारखान्याकडे धाडावयाचा, आणि कारखान्याने चित्रे छापून व नवी फिल्म भरून तो परत पाठवावयाचा. बटण दाबणे तेवढे गिऱ्हाइकाचे. उरलेले सर्व कारखान्याचे. या सोयीने छायाचित्रण घरोघर पोहोचले, हा तिचा उपकार मोठाच म्हणावा लागेल. पुढे १९७५ साली त्याच कोडक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनविला. त्याचे चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचे असे, आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. लगोलग १९७६ मध्ये त्याच कंपनीतील ब्राइस बायर यांच्या रंगजाळीला पेटंट मिळाले. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत तीच योजना वापरली जाते.

ही रंगजाळी समजून घेतल्यास पुढील सर्व विवेचन सोपे होईल. कॅमेऱ्याच्या आत, पूर्वी जेथे फिल्म असे तेथे, सेन्सर नावाची एक प्रकाशग्राही पट्टी असते. तीवरील लक्षावधी बिंदूंना प्रकाश किती आला हे कळते. तो कोणत्या रंगाचा आहे हे कळत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूवर रंगीत गाळणीचा एकेक सूक्ष्म तुकडा बसविलेला असतो: निम्म्या बिंदूंवर हिरवा, पावभागावर तांबडा आणि पावभागावर निळा. अर्थात प्रत्येक बिंदू तीन रंगांपैकी एकच मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने काढले जातात. तयार चित्रातील रंगांच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश आकडे असे अनुमानाने भरलेले असतात! तेव्हा कॅमेरा जे दिसले तेच दाखवितो, हा समज सोडून द्यावा. १८८८ साली रॉचेस्टरला असलेला कारखाना आता पेटीच्या आतच येऊन बसला आहे, आणि कळ दाबल्यापासून क्षणार्धात तो आपले काम उरकतो. त्याला काय सांगावयाचे, हाच आपला प्रश्न.

सांगण्यापूर्वी आपले काम कोणते ते ठरविले पाहिजे. शाळेतील किंवा घरातील कॅमेऱ्यावर बहुधा चार प्रकारची कामे पडतात: घरच्या माणसांची व वर्गाची चित्रे, मैदानावरील खेळ, रंगमंचावरील नाटक-गायन, आणि जुनी कागदपत्रे किंवा वस्तू यांची नोंद. या चौघांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. खेळाला वेग हवा, नाटकाला अंधारात पाहणारी नजर हवी, माणसाला वर्णाची सचोटी हवी आणि कागदाला स्थिरता हवी. चारही कामांस पुरेल अशी एकच मांडणी करू पाहणारा चारांपैकी एकही नीट करीत नाही. आणि कारखान्याची मूळ मांडणी ही नेमकी अशीच असते.

आता कॅमेरा हाती घ्या. सर्वांत आधी जुळवावयाचा तो डोळा. ज्या कॅमेऱ्याला डोळा लावून पाहण्याची खिडकी असते, त्या खिडकीच्या कडेला एक लहानशी चकती असते. ती डोळ्याच्या चष्म्यासाठी असते. कॅमेरा कोठेही रोखून खिडकीतील आकडे पाहा आणि ते अगदी स्वच्छ दिसेपर्यंत ही चकती फिरवा. देखाव्याकडे न पाहता आकड्यांकडेच पाहावयाचे, हे ध्यानी ठेवा. ही चकती चुकली असेल तर कॅमेरा अचूक असूनही प्रत्येक दृश्य आपणांस पुसट दिसते, आणि कॅमेऱ्यात दोष आहे असा भ्रम होतो. एकच कॅमेरा अनेक विद्यार्थी वापरीत असतील तर प्रत्येकाने हाती घेताच प्रथम हेच करावे.

दुसरे घड्याळ. डिजिटल चित्राच्या पोटात तारीख, वेळ, भिंग आणि इतर मापे आपोआप नोंदविली जातात. आपल्या देशाची वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. तोच विभाग निवडून तारीख व वेळ बिनचूक भरा. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण घरातील जुन्या अल्बमात मागे काहीच न लिहिलेले छायाचित्र हाती आले म्हणजे ते लग्न कोणाचे, साल कोणते, यावर कसे वाद होतात ते आठवा. आपल्या नातवंडांना त्या वादातून सोडविण्याचे काम या एका मिनिटात होते. मात्र मोबाइलशी जोडलेले काही कॅमेरे स्थळाचीही नोंद करतात. लहान मुलांची चित्रे परक्यांस पाठविताना ती नोंद काढून टाकणे शहाणपणाचे.

तिसरा निर्णय चित्र कोणत्या रूपात साठवावे हा. कॅमेरा दोन रूपे देऊ करतो. जेपेग म्हणजे शिजवून ताटात वाढलेले अन्न, आणि रॉ म्हणजे निवडलेला शिधा. जेपेगमध्ये तांबड्या, हिरव्या व निळ्या या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉ रूप १४ बिटांचे असेल तर प्रत्येक बिंदूच्या प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या मांडता येतात. जेपेग तयार करताना आतला कारखाना रंग, उजळपणा आणि रेखीवपणा स्वतः ठरवितो आणि उरलेली माहिती कायमची टाकून देतो. रॉमध्ये सेन्सरने मोजलेले ते बहुतांशी तसेच ठेविले जाते. सावलीत दडलेला चेहरा मागाहून उजळता येतो, रंग सुधारता येतो. त्याची किंमतही आहे. २ कोटी ४० लक्ष बिंदूंच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारणतः २५ ते ५० मेगाबाइट जागा खाते, आणि ती संगणकावर बसून स्वतः शिजवावी लागते. त्यासाठी डार्कटेबल, रॉथेरपी यांसारखे विनामूल्य प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. आमचे सांगणे असे, की जे पुन्हा घडणार नाही त्यासाठी रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवावीत. वृद्ध माणसांची चित्रे, नाटकाचा प्रयोग आणि जीर्ण कागद हे या वर्गात मोडतात. खेळाच्या धावपळीत एकामागून एक अनेक चित्रे घ्यावयाची असतात. तेथे उत्तम प्रतीचे जेपेग पुरे.

चौथी गोष्ट प्रकाशाचे गणित. चित्रात प्रकाश किती यावा आणि तो किती उजळ दिसावा हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. भिंगाचे छिद्र किती मोठे, पडदा म्हणजे शटर किती वेळ उघडे, आणि आयएसओ हा आकडा किती. छिद्राचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढतात. आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान, आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. शटर आणि आयएसओ यांचे आकडे सरळ दुपटीने चालतात. छायाचित्रकारांचा एक जुना आडाखा असा आहे, की निरभ्र उन्हात छिद्र १६ ठेवल्यास शटर हे आयएसओच्या आकड्याइतक्या भागाचे ठेवावे. म्हणजे आयएसओ २०० असेल तर सेकंदाचा २०० वा भाग. आता खो-खोचा सामना घ्या. २०० व्या भागात धावणारा खेळाडू पुसट होतो. छिद्र १६ वरून ५.६ वर आणले तर तीन पायऱ्या, म्हणजे आठपट प्रकाश वाढला. म्हणून शटर आठपट वेगाने, १,६०० व्या भागाने, मिटू शकते. खुंटाशी सूर मारणाऱ्या खेळाडूची बोटे आणि त्याच्या पायांखालून उडालेली माती दोन्ही स्पष्ट उमटतील. गणिताच्या तासात शिकलेले गुणाकार असे मैदानावर उपयोगी पडतात.

हे गणित दर वेळी तोंडी करीत बसण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील चाकावर पी, ए, एस, एम अशी अक्षरे असतात; काही कंपन्या ए व एस यांऐवजी एव्ही व टीव्ही असे लिहितात. ए निवडल्यास छिद्र आपण ठरवितो आणि शटर कॅमेरा जुळवितो. एस निवडल्यास याच्या उलट. एमवर दोन्ही आपल्या हाती. माणसांसाठी ए, खेळासाठी एस आणि स्थिर प्रकाशातील कागदांसाठी एम, अशी वाटणी सोयीची पडते. आयएसओ स्वयंचलित ठेवावयाचा असल्यास त्याला दोन मर्यादा घालून द्या: तो ६,४०० च्या वर जाऊ नये, आणि शटर २५० व्या भागाहून मंद होऊ नये. लहान मुले एका जागी ठरत नाहीत, म्हणून ही दुसरी मर्यादा विशेष महत्त्वाची. हात स्थिर ठेवणारी सोय अनेक कॅमेऱ्यांत असते खरी; परंतु ती आपल्या हाताचा कंप थांबविते, समोरच्या मुलाचे नाचणे नव्हे.

पाचवी गोष्ट कॅमेऱ्याचे प्रकाशमापन. येथे कारखान्याची सरासरी सर्वांत अधिक फसविते. समोरचे दृश्य एकंदरीत मध्यम करड्या उजळपणाचे आहे असे कॅमेऱ्याचा मापक गृहीत धरतो. शाळेच्या पांढऱ्या गणवेशातील चाळीस मुले उन्हात रांगेने उभी करा. मापक पाहतो तो पांढरा रंगच पांढरा; त्याला वाटते प्रकाश फार झाला, आणि तो चित्र मंद करतो. परिणामी सदरे मळकट आणि चेहरे काळवंडलेले येतात. याच्या उलट स्थिती जत्रेतील नाटकात. मागे काळोख, पुढे एकट्या राजाच्या मुखावर झोत. मापक काळोख पाहून चित्र उजळू जातो आणि राजाचे मुख पांढरेफटक होऊन त्यावरील भाव नाहीसे होतात. दोन्हींवर उपाय एकच: अधिक-उणे चिन्हांचे बटण. वर्गाच्या चित्रासाठी ते एक पायरी अधिक करा, नाटकासाठी एक पायरी उणे. पडद्यावर डोंगरासारखी आकृती दाखविण्याची सोय असते, ती चालू ठेवा. त्या डोंगराचा उतार उजव्या कडेवर आदळून तुटला असेल तर उजळ भागातील तपशील गेला असे समजावे. रंगीत पडद्यावर डोळा फसतो. ही आकृती सहसा फसवीत नाही.

सभागृहातील दिव्यांसंबंधी आणखी एक सूचना. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्यामुळे त्यावर चालणारे पुष्कळसे दिवे सेकंदास १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण वेगवान शटरला जाणवते. चित्रात आडवे पट्टे उमटतात किंवा एक चित्र उजळ तर दुसरे मलूल येते. अशा वेळी शटर १०० व्या किंवा ५० व्या भागावर ठेवले म्हणजे दिव्याची पूर्ण आंदोलने त्यात सामावतात आणि पट्टे टळतात. कॅमेऱ्यात लुकलुक टाळण्याची सोय असल्यास ती चालू करावी.

सहावा निर्णय रंगाचा. प्रकाशाचा रंग केल्विन या मापाने सांगतात. तेलाच्या दिव्याचा प्रकाश सुमारे १,९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा सुमारे २,७००, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५००, आणि निळ्या आकाशाखालील सावलीचा ७,००० च्या आसपास. आकडा वाढतो तसतसा प्रकाश तांबूस-पिवळ्याकडून निळ्याकडे झुकतो. आपला मेंदू हा फरक आपोआप सांभाळून घेतो. कॅमेऱ्यात ते काम व्हाइट बॅलन्सकडे असते. स्वयंचलित ठेवल्यास तो प्रत्येक पिवळेपणा दोष समजून काढून टाकण्याचा यत्न करतो. दुपारी वर्गात हे ठीक. पण गोव्यातील मंदिरांच्या दिवजोत्सवात सुवासिनी हाती पेटती दिवजे घेऊन काळोखातून चालू लागतात, तेव्हा त्या पिवळ्या प्रकाशालाच दोष म्हणावयाचे काय? तेथे व्हाइट बॅलन्स स्वतः सुमारे ३,००० वर बांधून ठेवा आणि फ्लॅश कटाक्षाने बंद करा. ज्योतींचे सोने ज्योतींपाशीच राहील. जुने दस्तऐवज किंवा पोथी टिपताना मात्र उलट रीत. त्याच प्रकाशात कोरा पांढरा कागद दाखवून व्हाइट बॅलन्स बेतून घ्या, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा, छिद्र ८, आयएसओ १००, आणि दोन सेकंदांच्या विलंबाने शटर सोडा, म्हणजे बोटाचा धक्कासुद्धा लागत नाही. असे टिपलेले मोडी अक्षर पुढील अभ्यासकाला वाचता येते.

सातवी गोष्ट केंद्रीकरण, म्हणजे फोकस. तो एकदाच साधून थांबावा, की सरकणाऱ्या वस्तूमागे सतत धावावा, हे आपण सांगावे लागते. बसलेल्या आजीसाठी पहिला प्रकार, खेळासाठी दुसरा. माणसाचा डोळा ओळखून तेथेच फोकस करण्याची सोय नव्या कॅमेऱ्यांत असते. ती माणसांच्या चित्रांत अवश्य वापरावी, कारण चित्रात बाकी काही पुसट चालते, डोळे पुसट चालत नाहीत. कागदपत्रांसाठी मात्र ती बंद करून मधला एकच बिंदू निवडावा. तसेच फोकसचा टुकटुक आवाज पहिल्याच दिवशी बंद करून टाका. आरतीच्या वेळी किंवा नाटकातील करुण प्रसंगी शेजारी बसलेल्या रसिकांचा रसभंग करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आता ज्या निर्णयाला आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो त्याकडे वळू. पुष्कळशा कॅमेऱ्यांत, आणि मोबाइलमध्ये तर विशेषच, त्वचा नितळ करणारी किंवा चेहरा उजळणारी एक योजना असते. कोठे ती मुळातच चालू असते, तर कोठे माणसांचा प्रकार निवडला की हळूच चालू होते. ती शोधून बंद करा. चित्रशैलीतील रंग व रेखीवपणाही मध्यम किंवा नैसर्गिक या खुणेवर आणा.

हा आमचा केवळ सोवळेपणा आहे असे कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतील रंगीत छपाईच्या प्रयोगशाळांत रंग जुळविण्यासाठी कोडकचे एक नमुना-कार्ड वापरीत. त्यावर एका गौरवर्णी तरुणीचे चित्र असे, आणि तिच्या नावावरून अशा कार्डांना शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा साजरी दिसली की रंग जुळले असे समजावयाचे! साहजिकच सावळ्या माणसांचे चेहरे त्या मापाने छापले गेले तेव्हा त्यांतील बारकावे बुडाले. एकाच चित्रात गोरे व काळे शेजारी बसले असतील तर काळ्यांचे दात आणि डोळे तेवढे दिसत. विविध वर्णांच्या स्त्रियांचे नमुना-कार्ड यावयास १९९० चे दशक उजाडावे लागले. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. कोणाचा तरी चेहरा सरासरी म्हणून गृहीत धरला गेला, आणि बाकीच्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

आपल्या वर्गाचे चित्र नजरेसमोर आणा. त्यात कोणी गहूवर्णी, कोणी सावळा, कोणी उन्हात रापलेला काळाभोर. यंत्राने साऱ्यांना एकाच गोरेपणाचा हात फिरविला, तर त्या सावळ्या मुलीला न बोलता आपण काय सांगितले? तुझा खरा वर्ण चित्रात ठेवण्याजोगा नाही, हेच ना? आणि आजीचे चित्र घ्या. तिच्या कपाळावरील आठ्या, डोळ्यांच्या कोपऱ्यांतील बारीक जाळे, भातलावणीत राबलेल्या हातांवरील शिरा यांत तिचे सारे आयुष्य लिहिलेले आहे. त्वचा नितळ करणारी योजना ते लिखाण क्षणात पुसते. उद्या ती नसेल. मागे राहील ते हे चित्र. त्या वेळी नातवाने ते हाती घेऊन ही आपलीच आजी ना, असा संशय घ्यावा, याहून मोठी हानी कोणती? सावळ्या चेहऱ्याला न्याय द्यावयाचा तर त्याला गोरा करावयाचा नाही. त्याला पुरेसा प्रकाश द्यावयाचा. खिडकीजवळ बसवा, प्रकाशमापन चेहऱ्यावर करा, अधिक-उणे बटण जपून वापरा. तांब्याच्या भांड्यावर पडते तशी त्या वर्णावर प्रकाशाची झळाळी येते. ती पाहावयास मात्र शिकले पाहिजे.

इतके सर्व जुळवून झाले म्हणजे ते पुन्हा पुन्हा करावे लागू नये म्हणून साठवून ठेवा. अनेक कॅमेऱ्यांच्या चाकावर सी१, सी२ किंवा यू१, यू२ अशा खुणा असतात. एकीवर माणसांची, दुसरीवर खेळाची, तिसरी असल्यास तीवर रंगमंचाची मांडणी नोंदवा आणि कोणत्या खुणेवर काय आहे हे एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. शाळेच्या सामाईक कॅमेऱ्याला तर ही चिठ्ठी अत्यावश्यक. कारण आदल्या दिवशी नाटक टिपणाऱ्याने उणे केलेली पायरी दुसऱ्या दिवशी क्रीडादिनाची चित्रे काळी करते. कार्डावरील चित्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घेतल्यानंतरच ते कार्ड कॅमेऱ्यात नव्याने फॉरमॅट करावे, त्याआधी नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास सांगून हा पाठ संपवितो. एखाद्या सायंकाळी घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला खिडकीजवळ बसवा. त्यांची परवानगी घ्या. तीही छायाचित्रणाच्या शिस्तीचाच भाग आहे. पहिले चित्र कॅमेऱ्याच्या पूर्ण स्वयंचलित मांडणीने काढा. दुसरे ए या खुणेवर, छिद्र २.८ किंवा आपल्या भिंगात मिळेल तेवढे मोठे ठेवून काढा. तिसरे अधिक एक पायरीने, चौथे उणे एक पायरीने. पाचव्या वेळी व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर बांधा, आणि सहाव्या वेळी त्वचा नितळ करणारी योजना मुद्दाम चालू करा. सहाही चित्रे शेजारी शेजारी मांडा आणि वहीत लिहा: कोणत्या चित्रातील माणूस तुम्ही रोज पाहता त्या माणसासारखा दिसतो, आणि का? मग तीच चित्रे घरच्या दुसऱ्या कोणाला दाखवून त्यांचेही उत्तर लिहून घ्या. दोन उत्तरे जुळली नाहीत तर तो वादही मोलाचाच.

बटणांना भिऊ नका. सर्व मांडणी पूर्वस्थितीत नेण्याची सोय प्रत्येक कॅमेऱ्यात असते, म्हणून प्रयोगाने यंत्र बिघडत नाही. यंत्रासोबत आलेली पुस्तिका एकदा तरी कॅमेरा हाती धरून पहिल्या पानापासून वाचा. कारखान्याने दिलेली प्रत्येक गोष्ट बदललीच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. तपासून मान्य केलेला निर्णयही आपलाच होतो. मात्र न तपासता स्वीकारलेला निर्णय परक्याचाच राहतो, आणि अशा परक्या निर्णयांनी आपल्या माणसांचे चेहरे आपणच पुढच्या पिढीच्या हवाली करावेत, हे आपणांस शोभणारे नाही.